रविवारची गोळी

“प्रवाशांनी लक्ष द्यावे. सहा वाजून पाच मिनिटांनी सुटणारी थायरॉईडची गोळी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे.”

“प्रवासी झोपलाय,” मी पांघरुणातून म्हणाले.

“गोळी कुणासाठी थांबत नसते,” अण्णा म्हणाले. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, मी गिळल्याचा आवाज ऐकला आणि ड्युटीवर निघून गेले.

माझे वडील करमाळ्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लावायची, एखादी आली नाही तर तिच्या जागी राखीव गाडी कुठली सोडायची, हे काचेच्या खिडकीत बसून ठरवायचं आणि माइकवरून लोकांना ऐकवायचं, असं ते काम. अठ्ठावीस वर्षांत त्यांना एकदाही खुलासा द्यावा लागला नव्हता. खुलासा म्हणजे चूक झाल्यावर साहेबाला लेखी द्यायचं स्पष्टीकरण. हे अठ्ठावीस वर्षांचं वाक्य आमच्याकडं सत्यनारायणाच्या पूजेला आलेल्या पाहुण्यांनाही प्रसादाबरोबर मिळे.

गोष्ट सात वर्षांपूर्वीची. तेव्हा मला तीनच आजार होते. आता चार आहेत, पण पहिल्या तिघांची सर चौथ्याला नाही.

तिघांचं मूळ एकच. बाहेरच्या जंतूंशी लढायला शरीरात जी फौज ठेवलेली असते, ती माझ्यात जंतूंना सोडून माझ्याशीच लढत होती. सोळाव्या वर्षी तिनं गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी घेतली, एकोणिसाव्या वर्षी बोटांचे सांधे, आणि एकविसाव्या वर्षी आतड्याकडून गहू बंद करून घेतला. अण्णा शेजाऱ्यांना समजावून सांगत, “समजा, आपलाच तपासनीस आपल्याच पासवाल्या प्रवाशाला गाडीतून उतरवायला लागलाय.” शेजाऱ्यांना ते लगेच समजे. मला डॉक्टरांनी आकृती काढून दाखवलं होतं तरी तितकं समजलं नव्हतं.

गहू बंद झाला तेव्हा नातेवाईक फार हळहळले. वास्तविक करमाळ्यात, जिथं दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, तिथं गहू बंद करणं म्हणजे कोकणातल्या माणसाला बर्फावरून घसरायला बंदी करण्यासारखं आहे. फक्त बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळतात हे कळलं, तेव्हा आईनं आठवडाभर हिंगाच्या डबीशी अबोला धरला.

खरी पंचाईत गोळ्यांची. थायरॉईडची उपाशीपोटी. तिच्यानंतर तासभर चहा नाही. लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब, कारण त्या दोघींचं पटत नाही. सांध्यांची मात्र भरल्या पोटी. या सगळ्यांत एक छोटी पिवळी, सांध्यांचीच, आठवड्यातून एकदाच घ्यायची. तिला आम्ही रविवारची गोळी म्हणायचो. तिचा त्रास कमी करायला दुसरी छोटी पिवळी, फॉलिकची, ती रविवार सोडून रोज.

अण्णांनी यावर एक पेटी बसवली. पूर्वी कंडक्टरांकडं तिकिटांची खणांची पत्र्याची पेटी असायची. मशीन आल्यावर ती गेली. एका निवृत्त कंडक्टरकडून अण्णांनी तसली एक मागून आणली. सात वारांचे सात खण, सकाळ-दुपार-रात्र अशा तीन ओळी, प्रत्येक खणात ओळीला एक प्लास्टिकची डबी. डब्यांना झाकणं नव्हती, कारण झाकण ही कल्पना माझ्या बोटांना मान्य नव्हती. दर रविवारी जेवणानंतर अण्णा पेटी भरत. मी वेळ झाली की डबी उचलून तोंडात उपडी करी. आत कोण आहे हे मी बघत नसे. एसटीत बसल्यावर ड्रायव्हरचं तोंड कुणी बघतं का?

मे महिन्यात पत्र आलं. परभणीच्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. शेतकरी पिशवीत माती घेऊन येणार आणि तिच्यात काय कमी आहे ते मी सांगणार. स्वतःच्या रक्ताचे अहवाल वाचण्यात माझी सहा वर्षं गेली होती, त्यामुळं अनुभव होता.

“एक जुलैला हजर व्हायचंय,” मी म्हटलं.

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं. “परभणीला जायचं तर गाडी बदलावी लागती.”

“मी रोज येऊन-जाऊन करणार नाही अण्णा. तिथं राहणार.”

“आणि पेटी कोण चालवणार?”

“मी.”

“तू? कल्ले, तुला सकाळी टूथपेस्ट पिळता येत नाही.”

“रात्री पिळून ठेवीन.”

आई शेंगा फोडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “उद्या लग्न करून गेली तर काय करणार हो तुम्ही? जावयाला पेटी चालवायला शिकवणार?”

“आधी लेखी परीक्षा घेईन,” अण्णा म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

तीन दिवस घरात परभणीचं नाव निघालं नाही. चौथ्या दिवशी अण्णांनी अट घातली. जूनचे तीस दिवस चाचणी. पेटी मी भरायची, गोळ्या मी घ्यायच्या, सोलापूरला डॉक्टरांकडं आत मी एकटीनं जायचं. अण्णा फक्त तपासनीस. त्यांनी कधीही यावं, बघावं, वहीत नोंद करावी. पण पेटीला हात लावायचा नाही आणि मला प्रश्न विचारायचा नाही. एकही फेरी चुकली नाही तर परभणी. एक जरी चुकली तर करमाळा.

“लेखी द्या,” मी म्हटलं. त्यांनी दिलं. खाली आईची साक्षीदार म्हणून सही.

तपासणी कडक होती. पहाटे पाचला, ड्युटीवर जायच्या आधी, ते पेटीसमोर हात मागं बांधून उभे राहत. दुपारी अचानक सायकलवरून येत, डबी रिकामी बघून परत जात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जेऊरला लग्न होतं. आई आणि मी गेलो. अण्णा ड्युटी आहे म्हणून मागं राहिले. पंगतीत माझ्यासाठी आईनं फडक्यात बांधून आणलेली भाकरी होती. तेवढ्यात एक वाढपी पुऱ्यांचं ताट घेऊन माझ्यापुढं वाकला. टोपी डोळ्यांपर्यंत, गळ्यात पंचा.

“घे की बाई. एका पुरीनं काय होतंय?”

“नको.”

“गरम आहे बघ. फुगलीय.”

“अण्णा,” मी म्हटलं, “मिशी तुमचीच आहे.”

ते पुढच्या पानाकडं गेले. मग वाढप्याचं काम अर्धवट सोडणं बरं दिसेना म्हणून त्यांनी सबंध पंगतीला पुऱ्या वाढल्या. नवरीच्या मामानं त्यांना जिलबी लवकर आणा म्हणून झापलं, तेही ऐकून घेतलं. रात्री वहीत नोंद केली: ‘प्रलोभन दाखवले. प्रवासी बधला नाही.’

वीस जूनला, शनिवारी, सोलापूरला गेलो. अण्णा बाहेर बाकावर बसले आणि मी आत. डॉक्टर उपासे मॅडम कमी बोलतात. अहवाल बघून म्हणाल्या, “छान. फॉलिक आता रोज नको. फक्त सोमवार आणि मंगळवार. रविवारच्या गोळ्या चार देते, चार आठवड्यांच्या. आठवड्याला एक. रोज घेतलीस तर आपण इथं नाही, आयसीयूत भेटू.”

मी बाहेर आले. अण्णांनी विचारायला तोंड उघडलं, नियम आठवला, मिटलं. “उकडायलंय,” म्हणाले. मी म्हटलं, “होय.” करमाळा येईपर्यंत आम्ही एवढंच बोललो.

रविवारी मी नव्या हिशेबानं पेटी भरली. सोमवार, मंगळवारच्या दुपारी लोहाची आणि पिवळी. बुधवारपासून दुपारी नुसती लोहाची.

सत्तावीस तारखेला, शनिवारी सकाळी, चहाचा पहिला घोट जिभेला चावला. आरशात बघितलं तर तोंडात जिथं बघावं तिथं फोड. असं कशानं होतं ते मला पाठ होतं, कारण गोळीसोबतचा कागद वाचणाऱ्या जगातल्या मोजक्या लोकांपैकी मी एक आहे. कपाटातला औषधांचा खण ओढला. रविवारच्या गोळ्यांची पट्टी घेतली. चारही घरं रिकामी होती.

“आई, तू माझ्या गोळ्यांना हात लावलास?”

“मी कशाला लावू? मला त्यातली डोकेदुखीची तेवढी कळती. ती मी माझ्यासाठी लपवून ठेवलीय.”

मी पुन्हा खणात बघितलं. मी पट्ट्या कोंबून ठेवते. आता त्या ओळीनं लावलेल्या होत्या, एकमेकींत सारखं अंतर ठेवून, तोंडं बाहेरच्या बाजूला, निघायला सोप्या. आमच्या गावात अशी पार्किंग करणारा एकच माणूस होता.

चाचणीचे चार दिवस राहिले होते. माझ्या डोक्यात एक विचार आला आणि तो मला मुळीच आवडला नाही. मी तो खणात ठेवून खण बंद केला.

अण्णांना सांगितलं, गोळ्या जास्त गेल्यात, सोलापूरला जायला हवं. त्यांनी प्रश्न विचारला नाही. खिडकीवर दुसऱ्या माणसाला बसवून दहा मिनिटांत आले आणि सुटत असलेल्या गाडीत मला बसवलं.

टेंभुर्णी आली तसे अण्णा माझ्याकडं वळले. मग म्हणाले, “होतं असं. नवीन ड्रायव्हर पहिल्या महिन्यात एकदा तरी गाडी घासतोच.”

“हं.”

“त्यात मनाला लावून घ्यायचं नाही.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. बोलले तर फोड दुखत होते, ही सोय होती. मी नुसतं म्हटलं असतं, “अण्णा, पेटीला हात तुम्ही लावलात,” तर परभणी माझी होती. आणि त्यांनी मुद्दाम लावला असेल तर? मला ठेवून घ्यायला? हा माणूस एका पुरीसाठी वाढपी झाला होता. मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझी पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरून बसले होते, झाकण आधीच सैल करून.

मॅडमनी तोंड बघितलं, रक्त काढलं. दोन तासांनी अहवाल आला. पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या.

“वेळेत आलात,” त्या म्हणाल्या. “दोन दिवस ठेवून घेते. उतारा देऊ. होईल बरी.” मग त्यांनी रिकामी पट्टी टेबलावर ठेवली. “आता सांगा. चार आठवड्यांच्या चार गोळ्या सहा दिवसांत कशा गेल्या?”

अण्णा माझ्याशेजारी, खुर्चीच्या टोकावर. चष्मा घरी विसरलेला, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. खिडकीत बसलेला माणूस मोठा दिसतो. तोच माणूस डॉक्टरपुढं बसला की फार लहान दिसतो.

“माझ्याकडून झालं मॅडम,” मी म्हटलं.

“कसं?”

“पेटी भरताना. फॉलिक समजून ही भरली. दोन्ही पिवळ्या आहेत.”

बोलताना मला कळत होतं की मी परभणीवर सही करून ती परत देतेय. मॅडमनी कागद पुढं ओढला.

“रविवारची रविवारी घेतलीस. सोमवारी, मंगळवारी?”

“फॉलिक. त्या दोन बरोबर गेल्या, पट्टीत मोजल्या मी.”

“मग तीन राहिल्या. बुध, गुरु, शुक्र. पण त्या दिवशी फॉलिक नाहीच आहे. त्या डबीत पिवळं काही भरायचंच नव्हतं. फॉलिक समजून कशी भरशील?”

मी खोटं बोलायला तयार होते, पण इतकं तपशीलवार नाही.

“मॅडम,” अण्णा म्हणाले. “बुधवारी पिवळी नसती?”

“गेल्या शनिवारपासून नाही. मी बदललं. हिला सांगितलंय.”

अण्णा उभे राहिले. परत बसले. रिकामी पट्टी उचलून हात लांब करून बघितली, मग जवळ आणून बघितली. पट्टी खाली ठेवली.

“एक कोरा कागद मिळंल का?”

मॅडमनी आपल्या नावाचा कागद दिला. अण्णांनी त्यावरचं त्यांचं नाव उलटं केलं आणि मागच्या बाजूला लिहायला लागले. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. बाहेर पेशंट थांबले होते, पण समासाची घडी घालून लिहिणाऱ्या माणसाला मध्येच थांबवणं कुणालाच जमत नाही. लिहून झाल्यावर त्यांनी सही केली, खाली तारीख घातली आणि कागद मला दिला.

“वाचा,” म्हणाले. मला. अहोजाहो करून.

‘प्रति, पेटीप्रमुख. विषय: खुलासा सादर करणेबाबत. महोदया, दिनांक २४, २५ व २६ रोजी पहाटे तपासणी करत असता दुपारच्या डबीत पिवळी गोळी आढळली नाही. सदर गोळी प्रवाशाच्या विसरण्याने राहिली असावी असा माझा समज झाला. नोंद केल्यास प्रवासी चाचणीत नापास होऊन तिची परभणीची नेमणूक रद्द झाली असती. तसे होऊ नये म्हणून मी, कुणालाही न कळवता व चष्मा न लावता, राखीव गोळी सोडली. ती चुकीची होती. सदर चूक सर्वस्वी माझी आहे. कळावे.’

मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अक्षरं नीट दिसेनात. मला वाटतं, तो गोळ्यांचाच परिणाम असावा.

“मला वाटलं, तुम्ही मला पाडायला बघताय,” मी म्हटलं.

“पाडायला हात कशाला लावायला पायजे?” अण्णा म्हणाले. “डबी रिकामी दिसली, नोंद केली, संपलं. माझं काम सोपं होतं की.” ते टेबलाकडं बघत बोलत होते. “पहिल्या दिवशी म्हटलं, विसरली असंल. दुसऱ्या दिवशी पण नाही. तिसऱ्या दिवशी तर घाम फुटला मला. म्हटलं, पोरगी रोजच विसरायली. आता हिचं परभणी जातंय.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे हिच्याकडून काहीच चूक झाली नाही?”

“नाही.”

“सत्तावीस दिवसांत?”

“सत्तावीस दिवसांत एकही नाही,” अण्णा म्हणाले. “माझ्याकडून तीन.”

मग अण्णांनी खुलाशाच्या खालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. “इथं शेरा लिही.”

“अण्णा, राहू द्या.”

“शेऱ्याशिवाय फाईल बंद होत नाही. लिही.”

मॅडमनी मला पेन दिलं. बोटं सुजली होती, अक्षर खुरडत निघालं. मी लिहिलं: ‘खुलासा वाचला. समाधानकारक आढळला नाही.’

अण्णांनी मान हलवली. “बरोबर आहे. मी पण हेच लिहिलं असतं. आता शिक्षा.”

मी लिहिलं: ‘पेटीच्या जबाबदारीतून आजपासून मुक्त करण्यात येत आहे.’

ते वाक्य त्यांनी बराच वेळ वाचलं. मला वाटलं, अपील करतील. मॅडमनी घंटी वाजवायला हात पुढं केला होता, तो तिथंच राहिला.

“मॅडम,” अण्णा म्हणाले, “परभणीत सांध्यांचं कुणी चांगलं आहे का तुमच्या ओळखीचं?”

“आहे की. माझ्याच वर्गातली.”

“लिहून देता?”

त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं, पत्ता लिहिला, फोन नंबर लिहिला. अण्णांनी चिठ्ठी घेतली, हात लांब करून नंबर एकदा मोठ्यानं वाचला, मॅडमकडून खात्री करून घेतली. मग ती चिठ्ठी त्यांनी शर्टाच्या खिशापाशी नेली. तिथं हात जरा थांबला.

“घे,” म्हणाले, आणि ती माझ्या हातात दिली.